माउली गेल्यावर नामदेवराय



आज कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा. त्यामुळे ज्ञानेश्वरीचा आपला रोजचा क्रम आजच्यापुरता थांबवतो आणि नामदेव गाथेतलं समाधीचं प्रकरण घेतो. खरं तर एकेक अभंग घेऊन अर्थ लिहायला बसलो होतो. दोन अभंगांनंतर वाटलं, अर्थ सोपाच आहे, तो कळायला माझी गरज नाही. हे अभंग ज्यानं रचले तो माणूस तेव्हा कोण होता, कुठल्या अवस्थेत होता, ते सांगितलं तर जास्त उपयोग होईल.

नामदेवरायांचा जन्म १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. शिंप्याचं घर. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. घरात जनाबाई. हे घर मला फार आवडतं, कारण इथे जवळजवळ प्रत्येकाच्या नावावर अभंग आहेत. आईच्या, बायकोच्या, मुलांच्या, जनाबाईच्या. त्यातले कितीतरी अभंग म्हणजे चक्क घरातली भांडणं आहेत. मुलगा कामधंदा सोडून विठ्ठलाच्या दारात बसतो म्हणून आई थेट देवाशी भांडते, राजाई संसाराची रड सांगते. म्हणजे या घरात मनातलं काही बाहेर काढायचं असेल तर त्याची रीत ठरलेली होती. रागावायचं, रुसायचं, मागायचं, ते सगळं अभंगातच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नामदेव आणि ज्ञानेश्वर यांची मैत्री आपण थोडी गृहीत धरतो. दोघंही संत, दोघंही विठ्ठलाचे, मग जमणारच! पण किती वेगळी माणसं होती ती. माउली लहान वयात आईबाप गमावलेले, गावानं वाळीत टाकलेले, तरी आतून शांत. नामदेवराय भरल्या घरातले, देवाचे लाडके, आणि देवावर हक्कानं रुसणारे. माउली पंढरपूरला येऊन त्यांना तीर्थयात्रेला चला म्हणून सांगतात, तेव्हा नामदेवांचा पाय निघत नाही. शेवटी विठ्ठलच त्यांचा हात माउलींच्या हातात देतो. वाटेत पंढरपूरच्या आठवणीनं नामदेव व्याकूळ होतात आणि माउली त्यांना बोलतं ठेवतात. मारवाडातल्या विहिरीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पाणी खोल होतं. माउली योगबळानं सूक्ष्म होऊन खाली उतरले नि पाणी पिऊन आले. नामदेवांना तसलं काही येत नव्हतं. त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर भरून वाहू लागली. लहानपणी ही गोष्ट कोण मोठा, या अंगानं सांगितली जायची. मला त्यात आता फक्त दोन मित्र दिसतात. एक दुसऱ्याकडे थक्क होऊन बघतोय आणि त्याला त्याचा आनंद झालाय.

मडक्यांची गोष्टही या मैत्रीतलीच. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हळूच मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. तेवढं एक मडकं कच्चं ठरलं. ते तडक पंढरपूरला देवाकडे तक्रार घेऊन गेले आणि देवानं त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. चिडलेल्या नामदेवांबद्दल मला नेहमी जवळीक वाटते. लागलं की त्यांना लागतं, आणि ते लपवत नाहीत.

असा माणूस १२९६ मध्ये आळंदीला उभा आहे. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. नामदेवांचं वय २६. माउलींचं २१. आपल्यातले बरेच जण या वयात पहिली नोकरी धरतात.

समाधी प्रकरणात जे येतं ते थोडक्यात असं. सिद्धेश्वराच्या मंदिरासमोरचा नंदी बाजूला सारतात, त्याखाली विवराची वाट आहे. ती जागा झाडून स्वच्छ करायला कोण जातं? नामदेवांची मुलं. आपल्या बापाच्या मित्राची शेवटची जागा ही मुलं झाडतात. मग माउलींचा एक हात निवृत्तीनाथ धरतात, एक हात देव धरतो, आणि त्यांना आसनावर नेऊन बसवतात. बाहेर येऊन निवृत्तीनाथ विवराच्या तोंडाशी शिळा ठेवतात. निवृत्तीनाथ कोण? मोठा भाऊ आणि गुरू. ज्यानं ज्ञान दिलं तोच. त्या ज्ञानी माणसाचा धीर सुटतो आणि भरल्या तळ्याचा बांध फुटावा तसं त्यांचं होतं. सोपान, मुक्ताई रडतात. नामदेव जमिनीवर लोळण घेतात. देव त्यांना समजावतो, पण समजावणारा देवही इथे कोरडा नाही.

हे सगळं नामदेवांनी लिहिलंय याकडे बघा. आत्मा अमर आहे, माउली तर सजीव समाधीत आहेत, मग शोक कसला, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नामदेवांनाही. तरी त्यांनी अभंगात रडणं गाळलं नाही. कुणाच्या घरी कुणी गेलं की आपण दारातच गीता सांगायला सुरुवात करतो. समाधीचे अभंग वाचले की निदान पहिले काही दिवस तरी तसं करू नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेव गेले. पुणतांब्याला चांगदेव. वैशाखात तापीकाठी मेहूणला वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथ. जेमतेम आठ महिन्यांत चारही भावंडं. या प्रत्येक ठिकाणी नामदेव हजर असल्याचं परंपरा सांगते, आणि प्रत्येकाचे अभंग आहेत.

इथे थोडं थांबून गाण्याविषयी बोलतो, कारण मला आज मुख्यतः त्याच्याबद्दल लिहायचं होतं.

माझ्या एका मित्राच्या घरी भीमसेन जोशींची संतवाणी रोज सकाळी लागायची. वडील लावायचे. वडील गेल्यापासून ते घरात लागत नाही. तेराव्यानंतर तो ऑफिसला आला, काम नीट करत होता, कोडसुद्धा व्यवस्थित लिहीत होता. मग एका दुपारी शेजारच्या कुणाच्या तरी फोनवर त्यातलाच एक अभंग वाजला आणि हा उठून जिन्यात जाऊन बसला. फोटो बघून त्याला तसं होत नाही. फोटो आपण ठरवून बघतो. सूर विचारून येत नाही. आणि तो एकटाही येत नाही. त्याच्याबरोबर ती सकाळ येते, कुकरची शिट्टी येते, वडिलांनी आवाज थोडा मोठा केलेला ऐकू येतो. माझ्या आजीचं हरिपाठ म्हणणं माझ्या डोक्यात असंच बसलेलं आहे. ती एका ठिकाणी श्वास घ्यायला थांबायची. आता कुणीही हरिपाठ म्हणत असलं तरी मी त्या ठिकाणी थांबतो.

नामदेवांचं काय झालं असेल याचा विचार करा. त्यांचं दुःख आणि त्यांचं काम एकाच गोष्टीत होतं. ते कीर्तनकार. आपल्या वारकरी कीर्तनाची परंपरा त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतात. ज्या टाळ-वीणेच्या नादात माउली बसायचे, त्याच नादात यांना रोज उभं राहायचं. माझ्या मित्रासारखं घरातलं गाणं बंद करण्याची सोय त्यांना नव्हती. मला वाटतं त्यांना ती नकोही होती.

कीर्तनात एक सोय मात्र असते. कधी मागच्या रांगेत उभे राहिला असाल तर माहीत असेल. कीर्तनकार एकटा गात नाही. त्याच्या मागे टाळकरी असतात, मृदंग असतो. त्यानं चरण म्हटला की ध्रुवपद मागचे उचलतात. अभंगाची बांधणीच तशी आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक, आणि शेवटचा छोटा तुकडा जणू श्वासाला जागा ठेवून. सांगणाऱ्याचा गळा दाटला, शब्द फुटेना, तरी अभंग तुटत नाही. मागचे तोच चरण धरून ठेवतात, दहा वेळा, वीस वेळा, त्याला सावरायला हवा तेवढा वेळ. आळंदीत मी हे पाहिलंय. बुवांचा आवाज गेला आणि टाळकऱ्यांनी बराच वेळ तेच ध्रुवपद फिरवत ठेवलं. कुणी घाई केली नाही. घरी बंद खोलीत हेडफोन लावून रडण्यात आणि यात हाच फरक आहे.

माउलींनंतर नामदेवराय ५४ वर्षं जगले. त्यातला बराच काळ ते उत्तरेत होते. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे, तिथे ते राहिले. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं ते याच नात्यानं. तिकडच्या बोलीत त्यांनी पदं रचली आणि त्यातली ६१ गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तो ग्रंथच रागांनुसार लावलेला आहे, त्यामुळे आपल्या नामदेवांची पदं गुरुद्वारात आजही रागात गायली जातात. ज्या माणसाला तीर्थयात्रेसाठी पंढरपूर सोडवत नव्हतं, तो इतक्या लांब जाऊन राहिला. का गेले, यावर अभ्यासक पुष्कळ कारणं सांगतात. मला आपलं वाटतं, जो रस्ता माउलींबरोबर चालले होते त्याच बाजूला ते पुन्हा गेले. हा माझा अंदाज, पुरावा काही नाही.

आता चोखोबांचं. १३३८ साल. नामदेव ६८ वर्षांचे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरलेल्या महारांत चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि माणसं खाली गाडली गेली. बातमी कळल्यावर नामदेवराय पंढरपुराहून मंगळवेढ्याला गेले. ढिगारा उपसला तेव्हा सगळ्यांची हाडं एकत्र झालेली. त्यातली चोखोबांची कुठली, हे कसं ओळखायचं? परंपरा सांगते की नामदेव एकेक अस्थी कानाशी धरत गेले. जिच्यातून विठ्ठल विठ्ठल असा नाद आला ती बाजूला ठेवली. अशा अस्थी गोळा करून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली.

ही कथा चमत्कार म्हणून सांगतात. ती ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे चमत्कार येत नाही, एक म्हातारा माणूस येतो. ढिगाऱ्यात गुडघे टेकून बसलेला, एकेक हाड कानाला लावून ऐकणारा. चेहरा उरला नव्हता. ज्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं गायलं त्याचा नाद तेवढा यांच्या कानाला पाठ होता. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्या चोखोबांना नामदेवांनी निदान दारापर्यंत आणलं. दाराबाहेरच. ती समाधी अजून तिथेच, बाहेर आहे, आणि ते बघताना वाईट वाटलंच पाहिजे.

१३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवराय गेले. पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीशी त्यांची समाधी आहे, नामदेव पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली. घरातली बाकी मंडळीही त्यांच्याबरोबर गेली असं सांगतात. एक सून बाळंतपणाला गेली होती म्हणून मागे राहिली, तिच्यापासून वंश पुढे चालला. तेच आजचे नामदास घराणे.

आणि म्हणून आजचा दिवस. दरवर्षी या तिथीला आळंदीत समाधीसमोर नामदास महाराजांचं कीर्तन असतं. मित्राच्या जाण्याचे तेच अभंग, मित्राच्याच वंशजांच्या तोंडून, ७०० वर्षांहून जास्त काळ झाला तरी. दुपारी बाराला घंटा वाजते, फुलं उधळली जातात, आणि मंडपातली माणसं रडतात. म्हातारे रडतात, पंचविशीतली पोरं रडतात. त्यातला प्रत्येक जण काही फक्त माउलींसाठी रडत नसतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंच्या हातात नवऱ्याचे टाळ होते. त्यांनीच सांगितलं. त्यांना ते नीट वाजवता येत नव्हते. त्या नुसते धरून उभ्या होत्या, आणि गजर सुरू झाला तेव्हा हळूच एकमेकांवर टेकवत होत्या.

जायला जमलं नाही तर दुपारी थेट प्रक्षेपण लावा. घरात ज्यांचं कुणी गेलंय त्यांना जबरदस्तीनं बसवू नका, आवाज तेवढा दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊ द्या. मित्राला मी आज आळंदीला चल म्हणून विचारलं होतं. तो नाही म्हणाला, पण बुवांचं कीर्तन किती वाजता असतं ते विचारून ठेवलंय.

उद्यापासून पुन्हा ज्ञानेश्वरी, बाराव्या अध्यायात जिथे थांबलो होतो तिथून.

राम कृष्ण हरी.