इलेक्ट्रिक गिटारचा शॉक लागून गेलेला रॉकस्टार: कीथ रेल्फची गोष्ट

गिटार वाजवून झाली. आईने जेवायला हाक मारली. तुम्ही गिटार भिंतीला टेकवली, अ‍ॅम्पचा लाल दिवा तसाच चालू राहिला आणि तुम्ही ताटावर जाऊन बसलात.

नवीन जालन्यातल्या एखाद्या घरात रात्री नऊ वाजता हे चित्र सहज दिसू शकतं. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "अरे, ते बटण बंद करायचं की नाही?" आपण म्हणतो, "राहू दे, त्याने काही होत नाही."

खरंच काही होत नाही का? याचं उत्तर शोधायला गेलं की पन्नास वर्षांपूर्वी लंडनमध्ये वारलेल्या एका गायकाचं नाव समोर येतं, कीथ रेल्फ.

तीन दिग्गजांच्या पुढे उभा असलेला माणूस

कीथचा जन्म १९४३ सालचा, लंडनजवळच्या रिचमंडचा. लहानपणापासून त्याला दमा होता. गंमत म्हणजे ज्याला श्वास पुरत नव्हता, त्याच पोराने हार्मोनिका हातात घेतली आणि तो गायकही झाला.

१९६३ मध्ये 'यार्डबर्ड्स' नावाचा बँड उभा राहिला. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबमध्ये आधी 'रोलिंग स्टोन्स' वाजवायचे. ते मोठे होऊन बाहेर पडले आणि ती जागा या पोरांना मिळाली.

आज या बँडचं नाव निघतं ते त्याच्या गिटारवाल्यांमुळे. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघंही यार्डबर्ड्समध्ये होते. पण गिटारवाले बदलत राहिले तरी माइकसमोर मात्र शेवटपर्यंत कीथच होता.

१९६५ मध्ये 'फॉर युअर लव्ह' हे गाणं गाजलं. क्लॅप्टनला ब्लूज वाजवायचं होतं, हे गाणं त्याला फारच पॉप वाटलं आणि तो बँड सोडून गेला. त्याच्या जागी जेफ बेक आला.

पुढच्या गाण्याचा किस्सा आपल्या जवळचा आहे. 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी स्टुडिओत चक्क सतारवादक बोलावला होता. पण रेकॉर्डिंगमध्ये सतारीला हवा तसा जोर येईना. शेवटी बेकने आवाज फाटल्यासारखा करणारं 'फझ' नावाचं यंत्र लावून इलेक्ट्रिक गिटारमधूनच सतारीसारखा सूर काढला.

१९६६ च्या 'ब्लो-अप' या सिनेमातही हा बँड दिसतो. कीथ गातोय, तेवढ्यात अ‍ॅम्प खरखर करायला लागतो आणि चिडलेला बेक गिटार आपटून फोडतो, असा तो प्रसंग आहे. पडद्यावर बिघडलेल्या अ‍ॅम्पचं नुकसान एका गिटारवर भागलं.

बँड फुटला, कीथ थांबला नाही

१९६८ मध्ये यार्डबर्ड्स फुटले. जिमी पेजने नवी माणसं गोळा केली आणि त्यातून 'लेड झेपलिन' उभं राहिलं. कीथची वाट वेगळी होती. त्याने बहीण जेन आणि जुना सोबती जिम मॅकार्टी यांना घेऊन १९६९ मध्ये 'रेनेसान्स' हा शांत, शास्त्रीय संगीताकडे झुकणारा बँड काढला. तोही त्याने लवकरच सोडला. १९७५ मध्ये 'आर्मागेडन' या बँडचा अल्बम आला. त्यानंतर रेनेसान्सच्या जुन्या मंडळींना पुन्हा एकत्र आणायचं त्याच्या मनात होतं.

ते राहून गेलं. मे १९७६ मध्ये लंडनच्या घरी कीथ इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. तिचं अर्थिंग नीट नव्हतं. त्याला शॉक लागला आणि तो गेला. तेव्हा त्याचं वय होतं ३३.

चारच वर्षांपूर्वी, मे १९७२ मध्ये, 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लावताच शॉक लागून वारला होता. तिथेही गडबड अर्थिंगचीच होती.

पण गिटारमध्ये करंट येतो कुठून?

साध्या गिटारमध्ये विजेचं कनेक्शनच नसतं. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तार थरथरली की गुंडाळीत अगदी नगण्य वीज तयार होते. तिने कुणाला काही होत नाही.

खरी वीज असते अ‍ॅम्पमध्ये, आपल्याकडे २३० व्होल्ट. गिटारच्या तारा आतून एका वायरने केबलला, केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला आणि तिथून प्लगच्या अर्थ पिनला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला की घूंऽऽ आवाज कमी होतो, तो याच जोडणीमुळे.

आता अ‍ॅम्पच्या आत फेजची वायर सुटून सांगाड्याला टेकली तर? अर्थिंग धड असेल तर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तो करंट केबलमधून थेट गिटारच्या तारांमध्ये येऊन बसतो. अशा वेळी तुम्ही माइकला, नळाला किंवा ओल्या फरशीला टेकलात की करंट तुमच्या छातीतून जमिनीत जातो. शॉकने हाताचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे मुठीतली गिटार सोडवतही नाही.

मग प्लग ठेवायचा की काढायचा?

वाजवणं थांबलं की अ‍ॅम्प बंद करा आणि बोर्डाचं बटणही बंद करा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प उगाच चालू राहिला तर तापतो आणि व्हॉल्व्ह झिजतात. बंद केल्यावरही त्याच्या आत जीवघेणा चार्ज उरलेला असू शकतो, म्हणून घरी उघडून बघू नका.

गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर जॅक काढून ठेवा. बहुतेक अशा गिटारमध्ये जॅक घातला की बॅटरी सुरू होते, मग तुम्ही वाजवा किंवा झोपा. बॅटरी नसेल आणि अ‍ॅम्प बंद असेल, तर जॅक आत राहिल्याने काही बिघडत नाही. फक्त केबलमध्ये कुणाचा पाय अडकायला नको.

पण जिवाचा प्रश्न आहे तो वाजवतानाचा. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग. घूंऽऽ आवाज थांबावा म्हणून ती कापू नका. टू-पिनच्या जुगाडावर अ‍ॅम्प चालवू नका. तारांना बोट किंवा माइकला ओठ लागताच मुंग्या आल्या, तर गिटार बाजूला ठेवा, बोर्डाचं बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा.

बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आणि आपल्या जालन्यासाठी खास गोष्ट: अर्थिंगला ओल लागते. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडीठाक पडली की कोळसा-मिठाचा खड्डाही सुकतो आणि अर्थिंग कमजोर होतं. प्यायच्या पाण्याची ओरड असते हे खरं, पण भांडी धुतलेलं पाणी तरी त्या खड्ड्यात जाऊ द्या. शिवाय मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट भलतीकडे वळला की तो क्षणात लाइन तोडतो.

१९९२ मध्ये यार्डबर्ड्सला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं. तेव्हा कीथला जाऊन सोळा वर्षं झाली होती. हजारो लोकांसमोर, डझनभर वायरींच्या जाळ्यात तो वर्षानुवर्षं गायला. त्याचा घात झाला तो स्वतःच्या घरात.

आज रात्री गिटार हातात घेण्याआधी तेवढी ती तिसरी पिन बघून घ्या.