मजूर मॅट टॅल्बट व त्याचा हिशेब

आयर्लंडांतील डब्लिन शहरीं सन १८५६ मध्यें एका गरीब कुटुंबांत मॅट टॅल्बट जन्मला. बाराव्या वर्षीं तो कामास लागला व लवकरच मद्याच्या आहारीं गेला. मजुरी गुत्त्यांत जाई; एकदां तर त्यानें रस्त्यावरील एका गरीब वादकाचें व्हायोलिन चोरून विकलें. १८८४ सालीं खिसा रिकामा असतां एकाही सोबत्यानें त्यास प्याला पाजला नाहीं. तेव्हां त्यानें तीन महिन्यांसाठीं मद्यत्यागाची शपथ घेतली आणि पुढें ती आमरण पाळली.

त्याचा पश्चात्ताप हिशेबांतही दिसला. गुत्त्यांतील उधारी त्यानें फेडली. त्या वादकाचा पुष्कळ शोध केला. तो सांपडेना, तेव्हां त्या पैशांतून त्याच्या आत्म्यासाठीं मिस्सा अर्पण करविली. पुढें लांकडांच्या वखारींत राबून तो अल्पांत गुजराण करी व उरलेली मजुरी गरिबांस आणि मिशनकार्यास देई. ७ जून १९२५ रोजीं मिस्सेस जातांना वाटेंतच त्यास मरण आलें. १९७५ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्यास वंदनीय ठरविलें.

प्रिय बंधुभगिनींनो, दान थोर खरें. परंतु आधीं दुसऱ्याचें देणें फेडावें, मग दान करावें, हा क्रम ह्या मजुरानें आपणांस घालून दिला आहे.