ईडिथ ईटन : कूळ न लपविणारी लेखिका

अमेरिका आणि कॅनडा या देशांत चिनी वंशाच्या लेखकांची जी परंपरा आज मानाने सांगतात, तिचा आरंभ ज्या स्त्रीपासून धरला जातो ती ईडिथ मॉड ईटन. 'सुई सिन फार' या नावाने ती लिहीत असे. सुई सिन फार म्हणजे नर्गिसाचे फूल. चिनी घरांतून नववर्षाच्या सुमारास वाडग्यात खडे आणि पाणी घालून हे फूल वाढवितात. त्याला माती लागत नाही. ईडिथच्या आयुष्यालाही आपली म्हणावी अशी माती फारशी मिळाली नाही.

तिचा जन्म १५ मार्च १८६५ रोजी इंग्लंडातील मॅकल्सफील्ड या रेशमाच्या गावी झाला. वडील एडवर्ड ईटन हे रेशीमव्यापारी कुटुंबातले इंग्रज. आई ग्रेस चिनी, मिशनऱ्यांच्या छायेखाली वाढलेली. व्यापाराच्या निमित्ताने एडवर्ड शांघायला गेले असता तेथे दोघांचे लग्न झाले. त्या काळी असे लग्न दोन्हीकडच्या लोकांना खपत नसे. पुढे १८७० नंतर हे कुटुंब अटलांटिक ओलांडून प्रथम न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथे व नंतर कॅनडातील माँट्रियल येथे आले. वडिलांनी व्यापार सोडून चित्रकलेची कास धरली आणि घरात दारिद्र्य शिरले. मुले चौदा! त्यांतली थोरली मुलगी ईडिथ. थोरल्या मुलीच्या वाट्याला काय येते ते आपल्याला कोणी सांगायला नको. शाळा लहानपणीच सुटली. वडिलांची चित्रे आणि स्वतः विणलेली लेस घेऊन ती दारोदार विकू लागली. पुढे वृत्तपत्राच्या छापखान्यात खिळे जुळविले, लघुलेखन शिकली, टंकलेखनाची कामे घेतली. प्रकृती जन्मभर नाजूक राहिली, पण घरी पैसे पाठविणे तिने चुकविले नाही.

१९०९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या 'इंडिपेंडंट' या नियतकालिकात तिने आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. ते काही पानांचेच आहे. आत्मचरित्र म्हटले की आपल्याकडे सत्कार आणि मानपत्रे यांची गणती करण्याची रीत आहे. या बाईने अपमानांची गणती केली आहे, आणि त्यांत स्वतःच्या मनाला वाटलेली लाजही वगळलेली नाही. म्हणूनच ते नीतीच्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

पहिली आठवण जेमतेम चार वर्षांच्या वयाची. तिला फिरायला नेणारी दाई दुसऱ्या बाईला या मुलीची आई चिनी असल्याचे सांगते. ती बाई मुलीला वळवून नखशिखान्त न्याहाळते आणि दोघी कुजबुजू लागतात. घरी येताच मुलगी आईकडे धावते, पण तिला नीट सांगता येत नाही. दाई म्हणते की पोर खोटे बोलते, आणि आई मुलीला चापट मारते. आईची बाजू घेण्यासाठी आलेल्या मुलीने आईच्याच हातचा मार खाल्ला. ईडिथने आईला दोष दिलेला नाही. मला मात्र ही हकीकत वाचून त्या माउलीचीही कीव आली. तिला ते कळते तर तिने काय केले असते?

पुढे एका मुलांच्या मेजवानीत एक वृद्ध गृहस्थ चष्मा सावरून तिला प्राणिसंग्रहालयातील प्राण्यासारखे निरखतात. ती दाराआड जाऊन लपते ती घरी जाईपर्यंत बाहेर येत नाही. हडसनला आल्यावर भावाबरोबर जाताना ती प्रथमच आईखेरीज दुसरी चिनी माणसे पाहते. दुकानातले ते मजूर पाहून ती दचकते आणि आपण असे आहोत का, म्हणून भावाला विचारते. आपल्याच लोकांविषयी वाटलेली ही शिसारी तिने पुढे चाळिशी उलटल्यावर जशीच्या तशी लिहिली. त्याच वेळी रस्त्यावरची पोरे त्यांच्या वंशाचा उद्धार करू लागली, तेव्हा मात्र जगात दुसरे काहीही होण्यापेक्षा आपण चिनीच होऊ, असे तिने ओरडून सांगितले. मग मारामारी झाली. केस ओढले गेले, कपडे फाटले. भावाने घरी येऊन लढाई जिंकल्याचे आईला सांगितले, आणि या खेपेस आई खूष झाली!

ईडिथचा चेहरा इंग्रज बापावर गेलेला होता. ती गप्प राहिली असती तर कोणाला संशय येता ना. आणि गप्प राहण्यासारखेच दिवस होते. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना बंदी केली. ती १९४३ पर्यंत उठली नाही. कॅनडाने १८८५ पासून प्रत्येक चिनी आगंतुकावर ५० डॉलरांची डोईपट्टी बसविली, ती १९०३ पर्यंत ५०० डॉलरांवर नेली. ही पट्टी वाढविण्याची मागणी १८९६ मध्ये निघाली तेव्हा तिने माँट्रियलच्या 'डेली स्टार' पत्रात चिन्यांची बाजू मांडणारे खरमरीत पत्र लिहिले.

तरीही पत्र लिहिणे वेगळे आणि अन्नदात्याच्या तोंडावर बोलणे वेगळे. अमेरिकेच्या मध्यभागातील एका गावी ती नोकरीला होती. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर मालक म्हणाले की चिनी माणसे आपल्यासारखीच माणसे आहेत हे काही मनाला पटत नाही. बाकीच्यांनी त्यांची री ओढली. ईडिथ पानाकडे पाहत बसली. तिच्या मनात किती चालले होते ते तिने लिहिले आहे : नवा गाव, नवी नोकरी, बोलले तर सगळे जाईल. कोणी तिला जात विचारली नव्हती. न बोलणे हे खोटे बोलणे नव्हे, असे कोणीही म्हणेल. पण त्या टेबलावरचे मौन म्हणजे संमतीच झाली असती. तिने मान वर केली आणि आपण स्वतः चिनी आहोत असे सांगितले. सगळे स्तब्ध झाले. मग मालक उठून तिच्याजवळ आले, आपले बोलणे निव्वळ पूर्वग्रहाचे होते असे कबूल करून त्यांनी क्षमा मागितली. ईडिथने त्यांच्या धैर्याचे कौतुक केले आहे. परंतु त्यानंतर ती त्या गावी फार दिवस राहिली नाही, हेही तिनेच सांगितले आहे. क्षमा मागितली गेली तरी त्या टेबलावर पुन्हा पूर्वीसारखे जेवता येत नाही.

तिची धाकटी बहीण विनिफ्रेड हिने दुसरी वाट धरली. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनला हरविले होते, आणि पाश्चात्त्य लोकांत जपानी वस्तूंचे, जपानी स्त्रियांचे वेड पसरले होते. विनिफ्रेडने जपानी घराण्यातील असल्याची बतावणी करून 'ओनोटो वाटाना' हे नाव घेतले. तिच्या कादंबऱ्या खूप खपल्या, एकीचे तर न्यूयॉर्कमध्ये नाटकही झाले. ईडिथने बहिणीविरुद्ध एक अक्षर लिहिले नाही. कूळ लपविणाऱ्यांविषयी ती सहानुभूतीनेच बोलते. ज्यांच्या भीतीने ते लपवावे लागते त्यांच्याकडे तिचा रोख आहे. चिनी झगा, पंखा आणि चढाव घालून मिरवलीस तर नाव होईल, असा सल्ला तिलाही मिळाला होता. तो तिने मानला नाही.

आत्मवृत्तात एका अर्धचिनी मुलीच्या वाङ्‌निश्चयाची हकीकत आहे. ती ईडिथचीच असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो तरुण पुन्हा पुन्हा मागणी घालतो, अखेर ती होकार देते. मग तो हळूच सुचवितो की लग्नानंतर लोकांनी तिला जपानी समजले तर बरे. तिने लग्न मोडले आणि सुटल्याचा आनंद आपल्या रोजनिशीत नोंदविला. ईडिथ अविवाहितच राहिली.

सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल, बॉस्टन असे तिचे बिऱ्हाड फिरत राहिले. चिनी वस्तीतही तिला सहज प्रवेश मिळाला नाही. भाषा येत नव्हती, चेहरा गोरा. 'मिसेस स्प्रिंग फ्रॅग्रन्स' हा तिचा कथासंग्रह १९१२ साली शिकागोला निघाला. त्यातील एका कथेत बंदरावरचे अधिकारी कागद नाहीत म्हणून एका चिनी बाईचे तान्हे मूल काढून घेतात. वकिलासाठी ती अंगावरचे दागिने देते. दहा महिन्यांनी मूल परत मिळते तेव्हा ते आईला ओळखत नाही, मिशनरी बाईच्या झग्यात तोंड लपविते. ही एक कथा तरी भगिनींनी अवश्य मिळवून वाचावी.

७ एप्रिल १९१४ रोजी माँट्रियल येथे तिचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या 'टाइम्स'मध्ये जी मृत्युवार्ता आली तीत तिची आई एक जपानी सरदारकन्या असल्याचे छापले होते. हयातभर जे तिने नाकारले ते तिच्या मृत्यूनंतर दोन दिवसांत तिच्या नावावर चिकटले. माँट्रियलच्या चिनी लोकांनी मात्र माउंट रॉयल येथील तिच्या थडग्यावर शिळा उभारली आणि चीनला न विसरल्याबद्दलची कृतज्ञता चिनी अक्षरांत कोरली. तिचे पुस्तक पुढे दुर्मिळ झाले. १९९५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने तिचे निवडक लेखन पुन्हा छापले, आणि त्यानंतर जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींतून तिचे निनावी लेख एकामागून एक सापडत गेले.