कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे

कोकणातील महाड तालुक्यात १९०३ साली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार कुटुंबात रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षणात त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली. परंतु अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. बाल रामचंद्राने वर्तमानपत्रातून दाद मागितली. तेव्हा कोठे शाळेचे दार उघडले. तरी इतर मुलांच्या शेजारी बसण्याची मुभा मात्र मिळाली नाही.

तरुणपणी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी झाले. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथे परिषद भरली आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या परिषदेच्या पूर्वतयारीत मोरे यांनी अपार कष्ट घेतले होते.

मुंबईतील कापडगिरण्यांत त्यांना निराळेच दृश्य दिसले. सवर्ण आणि अस्पृश्य दोघेही घाम गाळीत. पण जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श इतर विणकरांना चालत नसे. मालकाविरुद्ध एकत्र लढणारे हात जातीपाशी आले की वेगळे होत. अमेरिकेतही गोऱ्या कामगारांच्या अनेक संघटनांनी काळ्या कामगारांना दूर ठेवले होते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय पुढाऱ्यांपुढे मांडला. १९२९ च्या संपाला तर त्यांनी विरोधच केला.

अशा काळात, १९३० साली, मोरे कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. दारिद्र्य नष्ट झाल्यावाचून अस्पृश्यता जाणार नाही, अशी त्यांची धारणा होती. तथापि डॉ. आंबेडकरांविषयीचा त्यांचा आदर तिळमात्र उणावला नाही. एका बाजूचे लोक त्यांना आपल्यांतून गेलेला मानीत. दुसऱ्या बाजूस जातीचा प्रश्न क्रांतीनंतर आपोआप सुटेल, असे मानणारे पुष्कळ होते. मोरे दोघांनाही सोडावयास तयार नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला, तेव्हा अशी एकजूट अशक्य नाही हे सर्वांस दिसले. पण ती टिकली नाही.

१९५३ साली त्यांनी पक्षाच्या नेतृत्वाकडे एक टिपण पाठवले. अस्पृश्यतेविरुद्धचा लढा हे कामगारवर्गाचे स्वतःचेच कार्य आहे, ते उद्यावर ढकलता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. मोरे निराश झाले नाहीत. पुढेही ते हाच विषय मांडत राहिले. १९६५ साली त्यांनी 'जीवनमार्ग' हे साप्ताहिक सुरू केले. १९७२ साली त्यांचे निधन झाले.

मोठे पद वा संपत्ती त्यांना लाभली नाही. परंतु भाकरीचा लढा आणि मानाचा लढा वेगळे काढले, तर दोन्ही दुबळे होतात, हे त्यांनी आयुष्यभर निष्ठेने सांगितले.