होमी भाभा: अणुविजेचा हिशोब मांडणारा माणूस

शिरूर-दौंड भागात लाईटचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज रात्री आली की दारं धरायला रात्रीच जायचं, आणि उसात बिबट्या असतो. दिवसा लाईट द्या, ही मागणी त्यातूनच आली. म्हणून अणुऊर्जेची बातमी मोबाईलवर आली की एक जण म्हणतो लगेच उभारा, दुसरा म्हणतो स्फोट झाला तर? भारतात हा वाद ज्या माणसामुळे सुरू झाला, त्या डॉ. होमी भाभांची आज ओळख करून घेऊया.

जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबई. घरच्यांची इच्छा होती की मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं. त्यासाठी 1927 मध्ये ते केंब्रिजला गेले, इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास झाले आणि मग सरळ भौतिकशास्त्राकडे वळले. कॉस्मिक किरणांवरच्या कामामुळे तिशीच्या आतच त्यांचं नाव झालं. 1939 मध्ये सुट्टीला भारतात आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहूनच गेलं. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत ते काम करू लागले.

मार्च 1944 मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी पैसे मागितले. उद्या अणूपासून वीज निघेल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायची वेळ येऊ नये, हे त्यांचं कारण. हिरोशिमा तेव्हा जवळजवळ दीड वर्ष पुढे होतं, बघा! 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. (जुन्नर तालुक्यातल्या खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण याच संस्थेची.) 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग आला आणि भाभा अध्यक्ष झाले. 4 ऑगस्ट 1956 ला तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. ती संशोधनासाठी होती, वीज देत नव्हती.

विजेसाठी भाभांचा मुद्दा साधा होता: कोळसा देशाच्या पूर्वेला आणि मध्य भागात, कारखाने पश्चिमेला. दौंड जंक्शनवर मालगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. 1 युनिट विजेला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे 210 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला, तर रोज जवळपास एक अख्खी मालगाडी कोळसा हवा. तेवढ्याच अणुभट्टीचं वर्षभराचं इंधन थोड्याशा ट्रकांत मावतं. शिवाय धूर नाही, राख नाही. युरेनियम आपल्याकडे कमी, पण केरळच्या वाळूत थोरियम भरपूर. म्हणून त्यांनी तीन टप्प्यांची योजना आखली, शेवटचा टप्पा थोरियमचा. तो अजून आलेला नाही.

1963 मध्ये अमेरिकेशी तारापूरचा करार झाला. प्रत्येकी 210 मेगावॅटच्या दोन भट्ट्या 1969 मध्ये वीज देऊ लागल्या. भाभांना ते पाहता आलं नाही. 24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना त्यांचं एअर इंडियाचं विमान माँट ब्लांक डोंगरावर आदळलं. वय 56.

कोळशाचा हिशोब त्यांनी बरोबर मांडला, असं आमचं मत. पण वेळेचा अंदाज साफ चुकला. 1980 पर्यंत 8,000 मेगावॅट अणुवीज होईल असं ते सांगत, प्रत्यक्षात 600 च्या आसपास होती. आठ हजाराचा आकडा गाठायला 2024 उजाडलं.

धोक्याची बाजू मात्र जाहीरपणे तपासली गेलीच नाही, आणि हे जास्त खटकतं. कायद्यानेच हे खातं गुप्ततेत ठेवलं होतं. भट्ट्या बांधणारेही तेच, त्या सुरक्षित आहेत म्हणणारेही तेच. सुरक्षेसाठी वेगळं नियामक मंडळ आलं 1983 मध्ये, तेही त्याच आयोगाच्या हाताखाली. वापरलेलं इंधन हजारो वर्षं किरणोत्सारी राहतं, ते सांभाळायचं कुणी? भाभांच्या काळात कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या सायरस भट्टीतलं प्लुटोनियम 1974 च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं. त्यानंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनाला हात आखडता घेतला. म्हणजे बाहेरच्या इंधनावर अवलंबून राहणं हाही धोकाच होता. 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमात अपघात झाला. तिथली पहिली भट्टी जीई कंपनीची, उकळत्या पाण्याच्या प्रकारची. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही जीईच्याच, त्याच प्रकारच्या.

त्याच वर्षी रत्नागिरीत जैतापूरच्या प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटलं. भट्टीतून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचं काय होणार, अपघात झालाच तर भरपाई कोण देणार, हे तिथले मच्छीमार आणि आंबा बागायतदार विचारत होते.