सूर्यशक्तीचा ध्यास घेतलेला शिक्षक : कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्की

मनुष्यास लागणारी बहुतेक सारी शक्ती मुळात सूर्यापासून येते, हे आपण शाळेत शिकतो. चुलीतील लाकूड सूर्यप्रकाशावर वाढलेले असते. दगडी कोळसा म्हणजे प्राचीन अरण्यांनी साठवून ठेवलेले ऊनच होय. आणि ज्या पाण्यावर धरणातील यंत्रे फिरतात त्यास समुद्रातून उचलून डोंगरावर नेणाराही सूर्यच. तथापि सूर्य जेवढा प्रकाश चोहोंकडे उधळीत असतो, त्याच्या सुमारे २२० कोटी भागांपैकी एकच भाग आपल्या पृथ्वीच्या वाट्यास येतो. उरलेला सारा अफाट अवकाशात निघून जातो.

या ठेव्याचा विचार सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रशियातील एका लहान शहरातल्या शाळामास्तराने केला. त्यास ऐकू जवळजवळ येत नसे, कोणत्याही महाविद्यालयाची पायरी तो चढला नव्हता, आणि त्याची मिळकत बेताचीच होती. विद्यार्थिमित्रहो, त्या कॉन्स्टन्टिन एडुआर्डोविच त्सिओल्कोव्स्की यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रियाझान प्रांतातील इझेव्स्कोये या खेड्यात झाला. वडील एडुआर्ड हे मूळचे पोलिश घराण्यातले असून जंगलखात्यात नोकरीस होते. घरात मुले पुष्कळ व पैसा थोडा, अशी स्थिती होती. कॉन्स्टन्टिन मोठा खेळकर मुलगा होता. पण वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यास आरक्त ज्वराने गाठले, आणि ज्वर उतरला तेव्हा त्याची श्रवणशक्ती बहुतेक नाहीशी झाली होती. सवंगड्यांचे बोलणे कळेना, वर्गात गुरुजी काय सांगतात ते उमजेना. पुढे तीन-चार वर्षांतच मातृछत्रही हरपले. व्यात्का येथील शाळेत तो मागे पडत गेला आणि अखेर त्यास शाळा सोडावी लागली. सोळा वर्षांचा बहिरा, शाळेबाहेर पडलेला मुलगा: त्याच्याविषयी फारशी आशा कोणी धरावी असे काहीच बाहेरून दिसत नव्हते.

परंतु वडिलांच्या पुस्तकांतून तो आपला आपण गणित शिकू लागला होता, व हातांनी नाना प्रकारची यंत्रे बनवीत होता. हे पाहून वडिलांनी १८७३ साली त्यास मॉस्कोस धाडले. तेथे तो कोणत्याही विद्यालयात गेला नाही; एका सार्वजनिक ग्रंथालयात रोज सकाळपासून बसू लागला. निकोलाय फ्योदोरोव नावाचे विद्वान व विरक्त गृहस्थ तेथे ग्रंथपाल होते, त्यांचे त्यास मोलाचे साहाय्य झाले. घरून महिन्यास दहा-पंधरा रूबल येत. त्यांतील बहुतेक पैसे पुस्तके, पारा आणि आम्ले यांवर खर्च होत आणि पोटासाठी काळी पावरोटी उरे. अशी तीन वर्षे काढून त्याने उच्च गणित, पदार्थविज्ञान व ज्योतिष यांचे अध्ययन पुरे केले. तो घरी परतला तेव्हा शरीर खंगले होते. मात्र पृथ्वी सोडून वर कसे जाता येईल, हा प्रश्न तो मनात घेऊनच आला.

१८७९ साली शिक्षकाची परीक्षा देऊन १८८० मध्ये ते बोरोव्स्क या गावी अंकगणित व भूमिती शिकवू लागले. त्याच वर्षी वार्वारा सोकोलोवा या धर्मोपदेशकाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. दिवसा शाळा आणि पहाटे व रात्री संशोधन, असा त्यांचा क्रम पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालला. विद्वानांच्या सहवासापासून दूर राहिल्यामुळे त्यांचे किती श्रम फुकट गेले, याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. वायूंच्या कणांच्या गतीविषयी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एक सिद्धान्त मांडला आणि तो राजधानीतील शास्त्रज्ञांच्या परिषदेकडे पाठविला. हा शोध सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच लागला आहे, असे त्यांना कळविण्यात आले! दुसरा एखादा खचून गेला असता. यांनी मात्र आपण योग्य मार्गाने विचार करू शकतो, एवढाच अर्थ त्यातून घेतला व दुसरे काम हाती धरले.

संकटांनीही त्यांची पाठ सोडली नाही. १८८७ साली घरास आग लागून ग्रंथ, हस्तलिखिते व नमुने भस्मसात झाले. १८९२ साली कालुगा येथे बदली झाली. १९०२ साली थोरला मुलगा इग्नाती ऐन तारुण्यात वारला. आणि १९०८ साली ओका नदीच्या पुराचे पाणी घरात शिरून पुष्कळ कागद व नमुने नष्ट झाले. धातूच्या विमाननौकेचा त्यांचा आराखडा जाणत्यांनी साहाय्यास अयोग्य ठरविला. १८९७ साली त्यांनी स्वतः एक वातबोगदा उभारला. हवेचा झोत सोडून निरनिराळ्या आकारांच्या वस्तूंना तिचा विरोध किती होतो ते त्यात मोजता येई. पुढील प्रयोगांसाठी विज्ञान अकादमीने ४७० रूबल दिले. बाकीच्या कामाचा भार बव्हंशी शिक्षकाच्या पगारावरच पडे. आणि त्याची झळ पत्नीस व मुलांस सोसावी लागली, हेही चरित्रकाराने लपवू नये.

१८९५ साली त्यांनी पृथ्वी व आकाश यांविषयीच्या स्वप्नांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पृथ्वीभोवतालच्या अवकाशात मनुष्याने वस्ती केली, तर सूर्याच्या शक्तीचा केवढा मोठा साठा त्याच्या हाती येईल, याचे विवेचन त्यात आहे. तेथे ढग नाहीत, वारा नाही, धूळ नाही. आपल्या मुंबईतही त्यापूर्वी सतरा वर्षे, १८७८ साली, उच्च न्यायालयातील विल्यम ॲडम्स या अधिकाऱ्याने अनेक आरशांनी ऊन एकत्र करून पाणी उकळविले होते व लहानसे वाफेचे यंत्र चालविले होते. परंतु मृगाचे ढग दाटले की असल्या यंत्राची काय दशा होते, हे आपणा कोकणवासीयांस व देशावरील लोकांस सांगावयास नको. रात्र आणि पावसाळा या दोन्ही अडचणी अवकाशात फारशा उरत नाहीत.

पण तेथे जावयाचे कसे? याचे उत्तर त्यांनी १९०३ साली एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध केले. अग्निबाणातून वायू जितक्या वेगाने मागे फेकला जाईल, आणि इंधनासह असलेले वजन रित्या बाणाच्या वजनाच्या जितके पट असेल, त्यांवरून बाणाचा अखेरचा वेग निश्चित होतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. दारूऐवजी द्रवरूप हायड्रोजन व प्राणवायू वापरावे, असेही सुचविले. ते सूत्र आजही त्यांच्या नावाने शिकविले जाते. पुढे १९२९ साली, एकामागून एक बाण जोडून जळून रिकामा झालेला भाग टाकून देत जावे, अशी अग्निबाणांच्या आगगाडीची कल्पना त्यांनी मांडली. १९२० साली संपूर्ण प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीतील माणसे अवकाशात काचेच्या घरांत भाजीपाला पिकवितात व सूर्याच्याच बळावर आपला निर्वाह करतात. १९२६ साली त्यांनी अवकाशप्रवासाच्या पायऱ्या क्रमाने लिहून काढल्या, त्यांतही सूर्यशक्तीस मानाचे स्थान दिले.

उतारवयात त्यांच्या तपाचे चीज झाले. १९२१ साली सरकारने त्यांना आजन्म वेतन दिले व ते अध्यापनातून मोकळे झाले. १९ सप्टेंबर १९३५ रोजी, अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस लोटले असता, कालुगा येथे त्यांचे देहावसान झाले. एकही बाण त्यांनी स्वतः अवकाशात सोडला नव्हता. मात्र त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पुरी होताच, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, त्यांच्याच देशाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. आणि १९५८ साली अमेरिकेच्या व्हॅनगार्ड या चिमुकल्या उपग्रहावर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या पट्ट्या प्रथम काम करू लागल्या.

आता त्यांच्या स्वप्नाचा पुढचा भाग. त्सिओल्कोव्स्की यांचा भर माणसाने सूर्यशक्तीकडे जाण्यावर होता; ती शक्ती माणसाकडे पृथ्वीवर आणण्याची पद्धतशीर योजना १९६८ साली अमेरिकेतील पीटर ग्लेसर यांनी मांडली. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्या एकाच स्थळावर स्थिर राहिल्यासारखा भासतो. तेथे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट एवढे ऊन पडते. दिनरात्र समान असण्याच्या दिवसांच्या आगेमागे तेवढा तो रोज थोडा वेळ, जास्तीत जास्त ७२ मिनिटे, पृथ्वीच्या छायेत जातो. एरवी त्यास रात्र ठाऊक नाही. तेथे वीज तयार करावी, नभोवाणीच्या लहरींच्याच जातीच्या पण आखूड लहरींत तिचे रूपांतर करावे, त्या खाली सोडाव्या आणि भूमीवर त्यांची पुन्हा वीज करावी, अशी ही योजना आहे.

ही योजना कितीही मोहक असली तरी तिच्या वाटेत डोंगर उभे आहेत. लहरी जसजशा पुढे जातात तसतशा पसरतात. म्हणून त्या सोडणारे यंत्र फार मोठे असावे लागते. एकोणीसशे सत्तरच्या दशकात अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, ५० लाख किलोवॅट वीज देणाऱ्या एका उपग्रहास १० किलोमीटर लांब व ५ किलोमीटर रुंद असे वीजपट्ट्यांचे पटांगण, १ किलोमीटर व्यासाचे प्रक्षेपक यंत्र आणि भूमीवर सुमारे १३ किलोमीटर लांब व १० किलोमीटर रुंद ग्रहणक्षेत्र लागेल, असे गणित मांडले गेले. असा हजारो टनांचा भार वर नेण्याचा खर्च, तेथे तो जोडणे, उल्काकणांपासून व अवकाशातील कचऱ्यापासून त्याचे रक्षण करणे, प्रत्येक रूपांतरात होणारी शक्तीची घट, आणि खाली येणाऱ्या लहरींपासून जीवसृष्टीस बाधा होऊ न देणे, हे सारे प्रश्न सोडवावयाचे आहेत. शिवाय पृथ्वीवरच बसविलेल्या वीजपट्ट्या पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

तरी पाऊल पुढे पडत आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे दीड किलोमीटर अंतरावर तीस किलोवॅटहून अधिक शक्ती तारेवाचून पाठविण्यात आली. २०२३ साली तेथल्याच एका तंत्रविद्यापीठाने उपग्रहावर ठेवलेल्या यंत्राने अवकाशात तारेवाचून शक्ती पाठवून दोन लहान दिवे लावले, आणि तिचा सूक्ष्म अंश पृथ्वीवरही टिपला. दोन दिवे आणि ५० लाख किलोवॅट यांमधील अंतर आपण ओळखले पाहिजे. ते न ओळखता केलेला जयघोष पोकळ होय, व त्या दिव्यांकडे पाहून हसणेही तितकेच पोरकटपणाचे होय.

विद्यार्थिमित्रहो व पालकहो, या चरित्रातून घ्यावयाचा बोध कोणता? त्सिओल्कोव्स्की यांनी स्वप्न पाहिले, पण स्वप्नास गणिताची जोड दिली. आपल्यापूर्वी कोणी काय शोधिले हे कळताच ते मान्य केले, आणि आग व पूर यांनी कागद नेले तेव्हा नवे कागद घेऊन बसले. आम्हां शिक्षकांस तर त्यांचे बाळपण अधिक विचार करावयास लावते. गुरुजींचा शब्द ऐकू न आल्यामुळे ज्यास शाळा सोडावी लागली, तोच मुलगा पुढे आकाशाची वाट दाखविता झाला. आपल्याही वर्गाच्या शेवटच्या बाकावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यास ढ म्हणण्यापूर्वी आपले बोलणे त्याच्या कानी पोहोचते की नाही, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.