नामदार गोपाळ कृष्ण गोखले : सरकारी खजिन्याचा हिशेब मागणारे शिक्षक

आपल्या ज्ञातीत जन्मास येऊन साऱ्या देशाचे झाले, अशा पुरुषांची चरित्रे स्मरणिकेच्या निमित्ताने पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावीत, हा प्रघात आम्हांस स्तुत्य वाटतो. चिंचवड ही चापेकर बंधूंची भूमी. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण येथे नित्य होते व ते व्हावयासच हवे. परंतु त्याच काळात, त्याच पुण्यात, लेखणी आणि आकडे एवढ्याच साधनांनी परकीय सत्तेस जाब विचारणारे आणखी एक पुरुष होऊन गेले. नामदार गोखले यांचे नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते, मवाळ हे विशेषण त्यास चिकटते आणि तेथेच त्यांचे चरित्र संपते. रयतेकडून घेतलेला पैसा सीमेपलीकडील मोहिमांवर किती जावा आणि शाळा, पाणी व आरोग्य यांवर किती जावा, हा प्रश्न त्यांनी जन्मभर लावून धरला. तेवढ्याच अंगाने आम्ही हे चरित्र येथे सांगणार आहोत.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 साली त्यांचे छत्र हरपले, तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. घरात उरत सात रुपये, आणि त्यांत सर्व कुटुंबाचा निर्वाह व्हावयाचा! ज्या घराने आपल्या प्राप्तीचा अर्ध्याहून अधिक भाग एका मुलाच्या विद्येवर घातला, त्या घरातील मुलगा पुढे सरकारच्या अंदाजपत्रकात विद्येचा वाटा शोधू लागला, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून गोपाळराव 1884 साली बी. ए. झाले. सरकारी नोकरीचा अगर वकिलीचा मार्ग मोकळा असता त्यांनी 1885 साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा पत्करली. पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वीस वर्षे सेवा आणि दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन, अशी त्या काळची प्रतिज्ञा होती. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालत होते. आम्ही स्वतः शिक्षकी पेशात आयुष्य घालविले असल्यामुळे आम्हांस असे वाटते की, पुढे कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात जे गोखले उभे राहिले ते मूलतः अंकगणिताचे शिक्षकच होते. उत्तर चुकले असेल तर रीत कोठे चुकली ते पाहावे, ही सवय त्यांनी वर्गातून कौन्सिलात नेली.

न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम हाती आल्यावर रानड्यांनी त्यांच्याकडून सरकारी अहवालांचा कसून अभ्यास करून घेतला. यांच्याबरोबरच आणखी एका पुरुषाचे ऋण सांगितले पाहिजे. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांतून हेडमास्तरी केलेले गृहस्थ. त्यांच्याइतका आकडेशास्त्राचा व्यासंग त्या काळी फार थोड्यांचा होता. गोखल्यांच्या साक्षीमागे आणि भाषणांमागे या हेडमास्तरांनी काढून दिलेली कोष्टके असत. आज जोशी यांचे नाव क्वचितच कोणास ठाऊक असते.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी 1895 साली विलायतेत लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमण्यात आले. दादाभाई नौरोजी हे त्याचे एक सभासद होते. या कमिशनपुढे 1897 च्या एप्रिल महिन्यात गोखल्यांची साक्ष झाली. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांहूनही कमी होते. प्रश्न असा होता की, हिंदी फौज हिंदुस्थानाबाहेर धाडली असता तिचा खर्च कोणी सोसावा? 1867 साली ॲबिसिनियाच्या स्वारीवर हिंदी सैन्य गेले, 1882 साली इजिप्तमध्ये गेले, 1885 आणि 1896 साली सुदानातील सुआकिन बंदरावर गेले. 1878 ते 1880 च्या अफगाण युद्धाच्या खर्चाचा मोठा हिस्सा हिंदी तिजोरीतूनच गेला. 1885 साली रशियाच्या भयाने फौजेत तीस हजारांची भर पडली आणि त्याच सुमारास उत्तर ब्रह्मदेश जिंकण्यात आला. या मोहिमा साम्राज्याच्या धोरणाने ठरत. त्यांचा निर्णय लंडनमध्ये होई आणि मोठा भार कोकणातल्या, देशावरच्या रयतेवर पडे. साम्राज्याच्या हितासाठी जो खर्च होतो त्याचा वाटा साम्राज्यानेही उचलावा, हे न्यायाचे साधे सूत्र गोखल्यांनी कमिशनपुढे आकडेवारीसह मांडले. कमिशनच्या 1900 सालच्या अहवालाने हिंदुस्थानास थोडीबहुत सूट सुचविली. दादाभाई आणि त्यांचे दोन सहकारी यांनी वेगळा अहवाल दिला.

याच विलायतमुक्कामात तो कठीण प्रसंग आला. पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरांत घुसत होते. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी सोजिरांच्या अत्याचारांविषयी विलायतेत जाहीर आरोप केले होते. परत आल्यावर पुराव्यास उभे राहण्यास कोणी पुढे येईना. पत्रे पाठविणाऱ्यांना संकटात लोटणे त्यांस मान्य नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनी त्यांची अतोनात निंदा केली. आपल्या ज्ञातीतही ती निंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आमचे नम्र मत असे की, चापेकरांनी प्राण दिले आणि गोखल्यांनी लौकिक दिला. एकाचा गौरव करण्यासाठी दुसऱ्यास उणे लेखण्याचे कारण नाही. या घटनेनंतर पुराव्यावाचून एक शब्दही न उच्चारण्याचे व्रत गोखल्यांनी जन्मभर पाळले.

1899 साली ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. 1901 च्या अखेरीस फिरोजशहा मेहता यांच्या जागी वरिष्ठ कायदे कौन्सिलावर त्यांची निवड झाली. 26 मार्च 1902 रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारने त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक अभिमानाने दाखविली होती. 1899-1900 चा भीषण दुष्काळ नुकताच ओसरला होता आणि प्लेग चालूच होता. लोक अन्नान्न करीत असता तिजोरीत शिल्लक कशी पडते? गोखल्यांनी या कोड्याची फोड करून दाखविली. रुपयाचा भाव घसरल्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा बोजा वाढला, या कारणास्तव 1886 पासून नवे कर बसले आणि 1888 साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. पुढे टांकसाळी बंद करून सरकारने रुपयाचा भाव वाढवून स्थिर केला. कारण नाहीसे झाले, परंतु कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नव्हे, ती गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या कराची खूण होय, हे त्यांनी सप्रमाण सिद्ध केले.

त्या काळी सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार होता, मत देण्याचा नव्हता. तरीही परिणाम झाला. मिठाचा कर 1903 साली दोन रुपये, 1905 साली दीड रुपया आणि 1907 साली एक रुपया इतका खाली आला, आणि गरिबांच्या घरी मिठाचा खप वाढला. प्राप्तीवरील कराची मर्यादा 1903 साली पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली. लहान पगाराच्या कारकुनास व शिक्षकास यामुळे केवढा दिलासा मिळाला असेल!

लष्करी खर्चावर मात्र सरकार हटेना. 1885 च्या सुमारास सतरा-अठरा कोटी रुपयांच्या घरात असलेला हा खर्च वीस वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. गोऱ्या शिपायांची पगारवाढ विलायतेत ठरे आणि तिचा सालीना कोटीवर रुपयांचा भार हिंदुस्थानावर पडे. 1902 साली आलेले सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी फौजेच्या पुनर्रचनेची खर्चिक योजना आखली आणि 1903-04 साली तिबेटात मोहीम गेली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देशास फौज नको, असे गोखले कधीच म्हणाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, इतर राष्ट्रे शांततेच्या काळी थोडी फौज ठेवतात व गरज पडताच राखीव दलातील नागरिकांस बोलावितात. येथे प्रजेवर विश्वास नसल्यामुळे सदैव मोठी खडी फौज पोसावी लागते, आणि हिंदी माणसास तीत अधिकाराची जागाही मिळत नाही. अविश्वासाची किंमत रयतेने कराच्या रूपाने भरावी, हे त्यांस असह्य वाटे.

मग पैसा कोठे जावा? गोखल्यांचे उत्तर निश्चित होते. शिल्लक रकमेतून रेल्वे बांधू नये, त्यासाठी कर्ज काढता येते व रेल्वे ते फेडू शकते. शिल्लक रक्कम प्राथमिक शिक्षण, गावांचे आरोग्य व सांडपाणी, पाटबंधारे आणि शेतकऱ्यांची कर्जमुक्ती यांवर लागावी. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते, त्यामुळे नळ आणि गटार यांस काय पडते हे ते जाणत होते.

16 मार्च 1911 रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत पाठविणे स्थानिक संस्थांस आपल्या क्षेत्रात सक्तीचे करता यावे आणि खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने सोसावा, अशी त्याची मांडणी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी हे करून दाखविलेच होते. पैसा नाही, ही सरकारची मुख्य सबब! 19 मार्च 1912 रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी विधेयक पडले. विरोधकांत जमीनदार वर्गाचे हिंदी सभासदही होते. हे शिक्षण सर्व जातींच्या मुलांसाठी होते, हे आपण विशेष लक्षात ठेवावे. 1903 साली धारवाड येथे अस्पृश्य गणलेल्या बांधवांच्या उद्धारासाठी त्यांनी आपल्यासारख्या उच्चवर्णीयांस खडसावले होते. ज्ञातीचा अभिमान बाळगताना त्यांचा हा धडा विसरता येत नाही.

1905 साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले आणि 1912 साली दक्षिण आफ्रिकेस जाऊन गांधीजींच्या लढ्यास बळ दिले. अतिश्रमाने देह झिजला आणि 19 फेब्रुवारी 1915 रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात त्यांनी पुण्यास देह ठेवला. ज्या सक्तीच्या शिक्षणासाठी ते झगडले, त्याचा हक्क साऱ्या देशातील मुलांस कायद्याने 1 एप्रिल 2010 पासून मिळाला. मध्ये जवळजवळ शंभर वर्षे गेली!

आता आपल्या परिसराकडे पाहू. गोखल्यांच्या काळी चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळे प्रसिद्ध होते. पिंपरी, आकुर्डी ही लहान खेडी होती. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना मात्र 1869 पासूनच उभा होता. पुढे देहूरोडला लष्करी भांडार झाले. स्वातंत्र्यानंतर 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना सरकारी पैशाने व जागतिक संस्थांच्या साह्याने निघाला आणि त्या नोकरीच्या आधारे आपल्यापैकी अनेकांचे संसार येथे उभे राहिले. पवनेचे पाणी, औद्योगिक वसाहती, रस्ते हे सारे सार्वजनिक पैशाचेच फळ. एकाच रस्त्यावर शस्त्रे आणि औषधे या दोहोंवरील खर्च आपण पाहत आलो. आज फौज आपली आहे, ती आपल्याच सीमा राखते आणि तिच्या खर्चास आपली संसद मंजुरी देते. गोखल्यांच्या काळाशी हा मूलभूत भेद आहे. परंतु पैसा रयतेचा आहे, तेव्हा त्याचा क्रम रयतेस विचारून लागला पाहिजे, हे त्यांचे सूत्र आजही तितकेच खरे आहे.

चाकणच्या चौकातील वाहनांची कोंडी आणि उन्हाळ्यातील पाणीकपात यांवर आपण गप्पांत पुष्कळ बोलतो. अंदाजपत्रक मागवून कोणत्या सदराखाली किती रक्कम मंजूर झाली व किती खर्ची पडली, हे वाचणारे आपल्यात किती निघतील? आपल्या संघातील निवृत्त शिक्षक, बँकेतील व कारखान्यातील हिशेबनीस यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामास दिली आणि दोन-चार तरुणांस जवळ बसवून घेतले, तर चिंचवडास चापेकरांबरोबर गोखल्यांचेही खरे स्मारक होईल. त्यास वर्गणीची गरज नाही, केवळ व्यासंगाची आहे. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी याचा विचार करावा, एवढीच विनंती. इत्यलम्.